वासराचे पहिले सात महिने

अमेरिकेच्या मध्यभागी, मोंटानापासून नेब्रास्कापर्यंत पसरलेल्या ज्या अल्पवृष्टीच्या विस्तीर्ण कुरणांवर मांसोत्पादनासाठी गाई पाळल्या जातात, तेथे गाईचे दूध कोणी काढीत नाही. वसंतात गाय विते, उन्हाळाभर वासरू तिच्यामागे हिंडत तिचे दूध पिते आणि पाहता पाहता गवत चरावयास शिकते, शरदात त्याचे दूध तोडले जाते आणि त्याच सुमारास ते बाजारात किंवा पुढील पोषणासाठी दुसऱ्या मालकाकडे जाते. वर्षभराच्या चाऱ्याचा, मजुरीचा आणि जमिनीचा खर्च भरून निघावयाचा तो या एका दिवशी काट्यावर उतरणाऱ्या वजनातून. आणि एकाच कुरणातील, एकाच जातीच्या, एकाच वर्षीच्या दोन वासरांत त्या दिवशी पन्नास-साठ किलोंची तफावत सहज आढळते. ही तफावत कोठून येते, तिच्यातील किती भाग रक्ताचा, किती दुधाचा, किती हवापाण्याचा आणि किती केवळ जन्मतिथीचा, या प्रश्नाचा शोध पशुसंवर्धनशास्त्रज्ञ जवळजवळ शंभर वर्षे घेत आले आहेत, आणि त्या शोधातून जे हाती आले त्याचा परामर्श येथे घ्यावयाचा आहे.

हा व्यवसाय महाराष्ट्रीय वाचकाला कायद्याने आणि भावनेनेही दूरचा आहे, याची जाणीव ठेवूनच मी हा विषय मांडीत आहे. परंतु माणदेशात, आटपाडी-सांगोल्याच्या बाजूला, जी खिल्लार गाय शतकानुशतके सांभाळली गेली, तीही मुख्यत: दुधाच्या विक्रीसाठी सांभाळलेली नव्हे. तिच्यापासून चांगला बैल निपजावा हा पशुपालकाचा हेतू, आणि म्हणून तिच्या दुधाचा मोठा वाटा वासराच्या, विशेषत: खोंडाच्या, तोंडी जातो. वासराचे पुढे काय व्हावयाचे ते दोन्ही ठिकाणी अगदी भिन्न असले, तरी पहिल्या काही महिन्यांपुरता दोघांचाही प्रश्न एकच उरतो: आईच्या गर्भाशयातून आणि कासेतून वासराच्या अंगी काय आणि किती उतरते? या विषयाचा जितका अभ्यास करावा तितके एक मत दृढ होत जाते, की दूध तोडण्याच्या दिवशीचे वजन वासराच्या नावावर लिहिले जात असले, तरी त्यातील फार मोठी रक्कम आईच्या खात्यावरची असते, आणि ही गोष्ट विसरून केलेली निवड मालकाला आणि गाईला दोघांनाही महाग पडते.

वजनाची पद्धतशीर नोंद ठेवण्याची प्रथा मोंटानातील माइल्स सिटी येथे विशेष निष्ठेने पाळली गेली. तेथील फोर्ट किओ हे मूळचे लष्करी ठाणे. १९२४ साली ते अमेरिकेच्या कृषिखात्याकडे सोपविण्यात आले आणि तेथे जनावरांच्या पैदाशीचे संशोधन सुरू झाले. १९३० नंतरच्या दशकात तेथे हेरफर्ड जातीचा ‘लाइन १’ नावाचा एक बंदिस्त वंश निर्माण करण्यात आला, ज्याच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या जन्मनोंदी आणि वजने आजही संशोधनाच्या उपयोगी पडतात. याच केंद्रातील नोंदींच्या आधारे नॅप आणि नॉर्ड्‌स्कोग यांनी १९४६ साली वाढीचा वेग काही प्रमाणात आनुवंशिक असल्याचे दाखवून दिले. तोपर्यंत वळूची निवड डोळ्यांनी, प्रदर्शनातील पारितोषिकांवरून आणि अंगाच्या ठेवणीवरून होत असे. काट्याने डोळ्यांची जागा घेतली, ही या विद्येतील मोठी क्रांती होय.

परंतु काट्यावरचे वजन जसेच्या तसे घेऊन दोन वासरांची तुलना करता येत नाही. एक मार्चमध्ये जन्मलेले, दुसरे मेमध्ये. एकाची आई पहिलारू, दुसऱ्याची सहाव्या वेताची. म्हणून १९६८ साली स्थापन झालेल्या बीफ इम्प्रूव्हमेंट फेडरेशनने २०५ दिवसांच्या वजनाचा हिशेब रूढ केला. दूध तोडतानाच्या वजनातून जन्मवजन वजा करावे, बाकीला वासराच्या वयाच्या दिवसांनी भागून रोजची वाढ काढावी, तिला २०५ ने गुणून त्यात जन्मवजन परत मिळवावे, आणि शेवटी आईच्या वयानुसार सूट द्यावी. ही सूट विचार करण्याजोगी आहे. दोन वर्षांच्या आईच्या गोऱ्ह्याला सुमारे २७ किलो, तीन वर्षांच्या आईच्या गोऱ्ह्याला १८, चार वर्षांच्या आईच्या गोऱ्ह्याला ९. पाच ते दहा वर्षांच्या गाईच्या वासराला काहीच नाही. आणि अकरा वर्षांपुढे कास उतरू लागते म्हणून पुन्हा ९. कालवडींना ही सूट थोडी कमी. म्हणजे केवळ आई अल्पवयीन आहे एवढ्याच कारणाने वासरू पंचवीस-सत्तावीस किलोंनी मागे राहते, हे या कोष्टकाने अधिकृतपणे मान्य केले आहे. पहिलारू गाय स्वत:च वाढत असते. तिच्या अन्नाचा एक भाग तिच्याच हाडामासाकडे जातो आणि कासही अद्याप पूर्ण भरलेली नसते. वासराच्या लिंगाचा भेद त्या मानाने सरळ आहे: गोऱ्हा जन्मत:च दोन-तीन किलोंनी भारी असतो, दूध तोडताना तो कालवडीहून पाच ते दहा टक्क्यांनी पुढे असतो आणि खच्ची केलेला या दोहोंच्या मध्ये राहतो.

आता मुळापासून आरंभ करावयाचा तर गर्भाशयापासूनच करावा लागतो. आईच्या देहाचा गर्भाच्या वाढीवर केवढा अंमल चालतो, याचा अविस्मरणीय पुरावा केंब्रिजच्या वॉल्टन आणि हॅमंड यांनी १९३८ साली दिला, तोही गाईंवर नव्हे, घोड्यांवर. प्रचंड देहाच्या शायर आणि चिमुकल्या शेटलंड जातींचा त्यांनी कृत्रिम रेतनाने दोन्ही बाजूंनी संकर घडवून आणला. दोन्ही शिंगरांत दोन्ही जातींचे रक्त समसमान असताना शायर घोडीच्या पोटी आलेले शिंगरू जन्मत: शेटलंड घोडीच्या शिंगरापेक्षा सुमारे तिप्पट वजनाचे निघाले. पुढे १९५८ साली झूबेर आणि हॅमंड यांनी साउथ डेव्हन आणि डेक्स्टर या गाईंच्या जातींवर असाच प्रयोग केला. त्यातही संकरित वासराच्या जन्मवजनावर आईच्या जातीची छाप स्पष्ट पडली, मात्र घोड्यांइतकी टोकाची नव्हे.

या बाबतीत आपल्या देशाशी निगडित असा एक दाखला आहे. अमेरिकेतील ब्राह्मण जात ओंगोल, गीर, कांकरेज इत्यादी भारतीय जातींपासून घडविली गेली, आणि तिच्या पूर्वजांत सांगली-बेळगावकडच्या कृष्णा खोऱ्यातील गुरांचीही गणना होते. या जातीचा वळू हेरफर्ड किंवा अँगस गाईला दाखविला तर वासरू असाधारण भारी जन्मते. उलट ब्राह्मण गाईला ब्रिटिश जातीचा वळू दाखविला तर तेच अर्धे-अर्धे रक्त असूनही वासरू लहान, सुटसुटीत जन्मते. ब्राह्मण गाईचे गर्भाशय गर्भाच्या वाढीला लगाम घालते आणि प्रसूती सोपी करते. आणि वासरू जमिनीवर पडले की मात्र तिची कास कसलाही हात आखडता घेत नाही. उष्ण प्रदेशांत या जातीच्या संकरित गाईंना जी मागणी आहे, तिच्या मुळाशी उष्णता आणि गोचीड सोसण्याच्या शक्तीइतकाच हा गुणही आहे.

गर्भकाळ सरासरी २८३ दिवसांचा असतो आणि गर्भाच्या वजनापैकी सुमारे तीन-चतुर्थांश भाग त्याच्या शेवटच्या तृतीयांशात भरतो. म्हणून या काळातील हवामानाची नोंद जन्मवजनावर उमटते. पश्चिम नेब्रास्कात पहिलारू गाईंच्या लागोपाठच्या हिवाळ्यांतील वेतांची तुलना केली असता, कडक थंडीच्या वर्षी वासरे सौम्य हिवाळ्यापेक्षा सुमारे पाच किलोंनी भारी जन्मली आणि अडलेल्या गाईंचे प्रमाणही वाढले. थंडीत त्वचेकडील रक्तपुरवठा आखडतो, गर्भाशयाकडील वाढतो, आणि गाय खातेही अधिक. उष्ण प्रदेशात नेमके याच्या उलट घडते: अंगातील उष्णता बाहेर टाकण्यासाठी रक्त त्वचेकडे धावते, वारेला ते कमी मिळते आणि वासरू हलके जन्मते.

गाभण गाईच्या खुराकाचा परिणाम मात्र इतका उघड दिसत नाही. नेब्रास्काच्या वाळूच्या टेकड्यांतील गुडमंडसन प्रयोगक्षेत्रावर हिवाळी वाळल्या गवतावर चरणाऱ्या काही गाभण गाईंना शेवटच्या महिन्यांत रोज थोडी प्रथिनयुक्त पेंड देण्यात आली, काहींना दिली नाही. दोन्ही गटांच्या वासरांच्या जन्मवजनात म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. परंतु दूध तोडताना पेंड खाल्लेल्या गाईंची वासरे पुढे होती. आणि त्यांच्या कालवडी मोठ्या होऊन गाभण राहण्याच्या वेळी त्यांच्यातील सुमारे ९३ टक्के गाभण राहिल्या, तर दुसऱ्या गटातील सुमारे ८०. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षांनी जन्मवजन हेच गर्भपोषणाचे माप मानण्याच्या सवयीला धक्का दिला. आईच्या पोटातील टंचाई जन्माच्या दिवशी काट्यावर दिसत नसली तरी ती देहात कोठेतरी दडलेली असते आणि कालांतराने डोके वर काढते, ही या संपूर्ण विषयातील मला सर्वांत गंभीर वाटणारी गोष्ट आहे.

जन्मवजनाविषयी एक विचित्र पेच आहे. भारी जन्मलेले वासरू साधारणत: पुढेही भारी राहते; पण भारी वासरू म्हणजे अडलेली गाय, विशेषत: दोन वर्षांची पहिलारू, आणि अडलेल्या प्रसूतीतून जन्मलेले वासरू गुदमरते, उशिरा उठते, उशिरा कासेला लागते आणि पुष्कळदा दगावते. फार हलके वासरूही थंडीत टिकत नाही. वाढीचा वेग आणि जन्मवजन यांचे आनुवंशिक नाते घट्ट असल्यामुळे नुसत्या वार्षिक वजनावर निवड केली की जन्मवजनही आपोआप चढत जाते. यावर डिकरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ साली एक तोड सुचविली: एक वर्षाच्या वजनातून जन्मवजनाची ३.२ पट वजा करावी आणि जी बाकी उरेल तिच्यावर वळू निवडावा. माइल्स सिटी येथील एका संमिश्र जातीच्या कळपात पुढे ही निवड प्रत्यक्षात आणली गेली, तेव्हा जन्मवजनाची चढण रोखून धरीत वाढ साधता येते, असे दिसून आले. हलके जन्मावे आणि वेगाने वाढावे, अशा घडणीची वासरे देणारे वळू आज तेथील बाजारात मुद्दाम हुडकले जातात.

जन्मानंतरचे पहिले काही तास म्हणजे चिकाचे तास. गाईची वार अशा रचनेची असते की आईच्या रक्तातील रोगप्रतिकारक द्रव्ये गर्भाला मिळू शकत नाहीत. वासरू जवळजवळ नि:शस्त्र जन्मते आणि त्याची सारी शिबंदी चिकात असते. वासराच्या आतड्याची ही द्रव्ये जशीच्या तशी शोषून घेण्याची शक्ती जन्मापासून उतरत जाते आणि साधारण चोवीस तासांत संपते. पहिल्या सहा तासांत पोटभर चीक मिळणे म्हणूनच निर्णायक ठरते. नेब्रास्कातील क्ले सेंटर येथील गुरांवर केलेल्या आणि १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ज्यांच्या रक्तात ही द्रव्ये अपुरी आढळली त्या वासरांत आजाराचे आणि मृत्यूचे प्रमाण कित्येक पटींनी अधिक होते. आणि पहिल्या चार आठवड्यांत आजारी पडलेली वासरे दूध तोडतानाही सुमारे १६ किलोंनी मागे राहिली. आपल्याकडे गाय व्याली की शेजारीपाजारी खरवसाची वाट पाहतात. तो आनंद कोणी हिरावून घेऊ नये, पण पहिल्या धारेवरचा हक्क वासराचा आहे, हे घरोघरी सांगावयास हवे.

चिकानंतर दूध, आणि येथे या विषयाचा खरा गाभा आहे. न पिळल्या जाणाऱ्या गाईचे दूध मोजावयाचे कसे? वासराला काही तास आईपासून दूर ठेवावे, वजन करावे, पाजावे आणि लगेच पुन्हा वजन करावे. दोहोंतील फरक म्हणजे प्यालेले दूध. या कष्टाच्या पद्धतीने जॉर्जियात नेव्हिल यांनी हेरफर्ड गाईंचे दूध मोजले आणि १९६२ साली असा निष्कर्ष मांडला, की आठ महिन्यांच्या वजनातील तफावतीपैकी सुमारे दोन-तृतीयांश तफावत आईच्या दुधाने समजावून देता येते. १९७१ साली रट्लेज आणि सहकाऱ्यांनी २०५ दिवसांच्या वजनासंबंधी हेच प्रमाण सुमारे ६० टक्के ठरविले. इतर अभ्यासांत ते याहून कमीही आले आहे, आणि ते तसे येणे स्वाभाविक आहे. कारण जेथे गवत मुबलक आणि कोवळे, तेथे वासरू दुधाची उणीव गवताने भरून काढते, आणि जेथे कुरण लवकर वाळते, तेथे प्रत्येक शेर दूध वासराच्या अंगावर दिसते. साधारण दुसऱ्या महिन्यात गाईचे दूध कळसाला पोचते. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात वासराची भूक दुधापलीकडे जाते आणि तेव्हापासून त्याची वाढ उत्तरोत्तर गवताच्या प्रतीवर अवलंबून राहते.

मग अधिकाधिक दुधाच्या गाई निवडाव्यात, असे सहज मनात येईल. पुष्कळांनी तसे केलेही, आणि तेथेच निसर्गाने आपला हिशेब पुढे केला. अधिक दुधाची गाय स्वस्थ बसली तरी अधिक खाते. रुक्ष कुरणावर ती आपली चरबी वितळवून वासराला पाजते, स्वत: खंगते आणि पुन्हा माजावर यावयास उशीर करते. याहूनही सूक्ष्म असा एक विरोध १९७० नंतर कोलोरॅडो आणि नेब्रास्का येथील संशोधकांच्या ध्यानात आला: ज्या कालवडी भरपूर दुधावर फार लठ्ठ होऊन वाढतात, त्या पुढे स्वत: आई झाल्यावर कमी दूध देतात. कास घडण्याच्या कोवळ्या वयात तेथे ग्रंथींऐवजी चरबी साचते. वासरांनाच शिरता येईल अशा अरुंद फाटकातून आत सोडून त्यांना धान्य चारण्याची जी तेथील पद्धत आहे, तिचाही कालवडींवर असाच दुष्परिणाम होतो. गोऱ्ह्यांच्या बाबतीत धान्याचा भाव आणि वाढलेल्या वजनाचा भाव यांचा मेळ बसला की प्रश्न संपतो. कळपात ठेवावयाच्या कालवडीला मात्र हा लाड मानवत नाही. उत्तम आईची मुलगी मध्यम आणि तिची मुलगी पुन्हा उत्तम, असा एक आड एक पिढीचा खेळ त्यामुळे नोंदींत दिसतो, आणि तो न ओळखणारा मालक कालवड निवडताना फसतो.

पित्याचा वाटा यानंतर यावा हे त्याच्या योग्यतेला धरूनच आहे. जन्मवजनातील तफावतीपैकी ढोबळमानाने एक-तृतीयांश, तर दूध तोडतानाच्या वजनातील साधारण एक-चतुर्थांश तफावत वासराच्या स्वत:च्या आनुवंशिक गुणांची असते. निवडीने हळूहळू पुढे जाता येईल इतकी ती खास आहे. परंतु संकराचा लाभ याहून चटकन पदरात पडतो. नेब्रास्कातील फोर्ट रॉबिन्सन येथे हेरफर्ड, अँगस आणि शॉर्टहॉर्न या तीन जातींवर झालेल्या प्रदीर्घ प्रयोगांत, वळू दाखविलेल्या प्रत्येक गाईमागे हाती आलेल्या वासरांचे वजन संकरामुळे सुमारे २३ टक्क्यांनी वाढले. त्यांतील सुमारे साडेआठ टक्के वासरू संकरित असल्याचे, तर जवळजवळ पंधरा टक्के आई संकरित असल्याचे फळ होते. संकरित गाय लवकर गाभण राहते, अधिक दूध देते आणि कळपात अधिक वर्षे टिकते. येथेही हिशेबाचे पारडे आईकडेच झुकते, हे वाचकांच्या लक्षात येईल.

रोगांपैकी हगवण हा पहिल्या महिन्यातील मोठा शत्रू. ती नुसत्या जंतूंनी होत नाही, कळपाच्या मांडणीनेही होते: आधी जन्मलेली वासरे जंतूंचे प्रमाण वाढवीत जातात आणि मागाहून जन्मणारी त्या घाणीत पडतात. नेब्रास्का विद्यापीठातील पशुवैद्यांनी यावर काढलेला उपाय इतका साधा आहे की त्याचे कौतुक वाटते. व्यालेल्या गाई जेथल्या तेथे ठेवावयाच्या आणि न व्यालेल्या गाभण गाई दर आठवड्याला स्वच्छ कुरणात पुढे न्यावयाच्या. म्हणजे प्रत्येक कुरणात जवळजवळ एकाच वयाची वासरे राहतात आणि थोरल्यांचा रोग धाकट्यांना पोचत नाही. यासाठी लागते ती फक्त कुंपणाची तजवीज आणि आगाऊ विचार.

स्थळाचा प्रभाव किती खोल असतो, हे मोंटाना आणि फ्लॉरिडा यांच्यातील अदलाबदलीने सिद्ध केले. माइल्स सिटीच्या हेरफर्ड वंशातील काही गुरे फ्लॉरिडातील ब्रूक्सव्हिल केंद्रावर नेण्यात आली आणि तेथे रुळलेल्या हेरफर्ड वंशातील काही मोंटानात आणण्यात आली. जात एकच, तरी प्रत्येक ठिकाणी स्थानिक वंशच वरचढ ठरला: उत्तरेकडील गुरे दमट उष्णतेत मागे पडली, दक्षिणेकडील बर्फात. १९७९ साली प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष वाचल्यावर, दूरच्या प्रदेशातील वळूचे रेत केवळ तेथील वजनाच्या आकड्यांवर भाळून आणावे की काय, असा विचार प्रत्येक पशुपालकाने करावयास हवा. आपल्याकडे खिल्लार, डांगी, देवणी, लाल कंधारी, गवळाऊ या जाती आपापल्या मुलखात घडल्या आहेत. डांगीचे तेलकट अंग आणि टणक खूर पश्चिम घाटाच्या मुसळधार पावसात जे काम करतात, ते परक्या आकड्यांनी भरून निघणारे नव्हे.

शेवटी उरते जन्मतिथी. २०५ दिवसांचा हिशेब वासरांची तुलना न्याय्य करतो खरा, परंतु तसे करताना वयातील अंतर कागदावरून पुसून टाकतो, आणि बाजार तर पैसे देतो ते प्रत्यक्ष काट्यावरच्या वजनाचे. रोजची वाढ नऊशे ग्रॅम धरली, तर एकवीस दिवस आधी जन्मलेले वासरू शरदात सुमारे १९ किलोंनी पुढे असते. आनुवंशिक निवडीने एवढे अंतर काटावयाचे तर पिढ्या लागतात. हे एकवीस दिवस म्हणजे गाईचे एक माजचक्र. २८३ दिवसांचा गर्भकाळ वजा जाता, दरवर्षी त्याच सुमारास विण्यासाठी गाईला पुन्हा गाभण राहावयास जेमतेम ऐंशी-ब्याऐंशी दिवस मिळतात. विताना अंगाने भरलेली गाय ही मुदत साधते. खंगलेली गाय एक-दोन माज चुकविते आणि तिचे पुढचे वासरू तितकेच उशिरा जन्मते. अमेरिकेत गाईची अंगलट एक ते नऊ अशा अंकांत मोजतात. जाणत्या गाईला विताना पाच, पहिलारूला सहा अंक असावेत असा दंडक आहे. थंडी सुरू झाल्यावर, गर्भ झपाट्याने वाढत असताना, गाईच्या अंगावर मांस चढविणे फार खर्चाचे होते. म्हणून शरदात वासरांचे दूध तोडतानाच जाणते मालक गाईंच्या बरगड्या आणि माकडहाडाचा भाग चाचपून पाहतात, रोड गाई वेगळ्या काढून त्यांना चांगल्या चाऱ्यावर सोडतात, आणि अवर्षणाच्या वर्षी तर वासरांचे दूध दोन-तीन महिने आधीच तोडून गाईला सावरावयास अवधी देतात. त्या वर्षी वासरे हलकी भरतात. पण पुढच्या वसंतात गाई वेळेवर वितात.